विचारून जायची जमीन

बायसन माझ्या वाट्याला आला तो एका पाटीमुळे. आमच्या गारगोटीकडून राधानगरीच्या जंगलात शिरताना गव्याचं चित्र काढलेली एक पाटी लागायची. चित्राखाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'बायसन'. पाचवीच्या सहलीत मी ती मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा गुरुजींनी पाठीवर थाप मारली होती. गवा म्हणजेच बायसन हे माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं आणि पुढची वीस वर्षं तसंच राहिलं.

त्या वीस वर्षांत मी बराच पुढे आलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. गारगोटीचे शिक्षक, कोल्हापूरचं इंजिनिअरिंग कॉलेज, पुण्यातली पहिली नोकरी असं करत सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्यावर, पोचलो. क्लेमेंटीला एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतली. ऑफिस तोआ पायोहला. पंधरा-सोळा माणसांची छोटी कंपनी, सरकारी कामांच्या वेबसाइट करणारी. इथवर ज्यांनी आणलं त्यांची आठवण झाली नाही असा दिवस जात नाही, हे पुढचं सगळं सांगण्याआधी लिहून ठेवतो.

२०१४ साली आमच्याकडे कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एका प्रदेशाचं काम आलं. त्या प्रदेशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या हकिकतीतली चूक माझी आहे, आणि नाव घेतलं की ती उगाच त्यांच्या माथी बसेल. काम असं होतं: तिथल्या रानटी बायसनच्या शिकारीचे परवाने, नियम आणि कुठं जाता येतं, कुठं नाही याचा नकाशा, सगळं एका वेबसाइटवर आणायचं.

आमच्या मॅनेजर मृणाल मॅडम पुण्याच्या. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "कुणी बायसन पाहिलाय का?"

मी हात वर केला. "लहानपणापासून पाहतोय, मॅडम. एकदा आमच्या उसात शिरला होता."

काम माझ्याकडे आलं. दोन आठवड्यांनी तिकडून फोटो आले. खांद्यावर डोंगराएवढं वशिंड, छातीवर दाढी, अंगभर लोकर, तोंडावर बर्फ. मॅडमनी फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"संभाजी, हा तुमच्या उसात शिरला होता?"

"याचा चुलतभाऊ असेल, मॅडम."

सगळं ऑफिस हसलं. पण काम माझ्याकडेच राहिलं.

तोआ पायोह

नियमांची पुस्तिका मी तीनदा वाचली. परीक्षेला बसल्यासारखी वाचली म्हणा. हा प्राणी त्या भागातून एकदा पूर्ण नाहीसा झाला होता. मग दुसरीकडून कळप आणून सोडला, तो वाढला, आणि आता ठरलेल्या हंगामात, परवाना असेल त्यालाच एक जनावर मारता येतं. बंदूक अमुक ताकदीची हवीच, नाहीतर जनावर जखमी होऊन हाल होऊन मरतं. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलवरून पाठलाग करायचा नाही, तिच्यावर बसून गोळी झाडायची नाही. रस्त्यावरूनही झाडायची नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर गुन्हा. ठरलेल्या दिवसांत खात्याला कळवायचं आणि जनावराचे पुढचे दात नेऊन द्यायचे, म्हणजे त्याचं वय कळतं. शिंगं घेऊन मांस सोडणाऱ्या माणसाला या पुस्तिकेत जागाच नव्हती. मला ती पुस्तिका आवडली.

नकाशा करताना अडचण आली. जमिनी तीन प्रकारच्या होत्या. काही मोकळ्या. काही कायमच्या बंद. आणि काही तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांच्या, ज्यांच्यासमोर पुस्तिकेत एवढंच लिहिलं होतं: आधी विचारा.

आमची डिझायनर जस्मिन सिंगापूरचीच, तोआ पायोहमध्येच वाढलेली. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आधी विचारा म्हणजे काय? कॅन ऑर कॅनॉट?"

सिंगापुरात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगायला नको. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, नूडल्समध्ये मिरची कमी घालता येईल का? कॅन. लिफ्टमध्ये सायकल न्यायची का? कॅनॉट. उत्तर एका शब्दात मिळतं आणि माणूस पुढे जातो. मला हे फार आवडायचं. आमच्याकडे एका दाखल्यासाठी वडिलांना तालुक्याच्या कचेरीत चार-चार खेपा घालाव्या लागायच्या. 'बघू', 'विचारून सांगतो', 'साहेब आल्यावर या'. त्या मानाने 'कॅनॉट' हा मला प्रामाणिक शब्द वाटायचा.

"विचारल्याशिवाय जाता येत नाही ना?" जस्मिन म्हणाली. "मग कॅनॉट, लाह." 'लाह' हे सिंगापुरी बोलण्याचं शेपूट, आपल्या 'ना'सारखं.

मला पटलं. तिसऱ्या प्रकारच्या सगळ्या जमिनी आम्ही बंद जमिनींसारख्याच लाल केल्या. तपासायला पाठवल्या, तिकडे कुणी तरी सही केली. नोव्हेंबरात हंगामाबरोबर नकाशा सुरू झाला, आणि फेब्रुवारीत, प्रत्यक्ष जागेवर तो कसा चालतो ते पाहायला, मला दोन आठवडे तिकडे पाठवलं.

निघायच्या आदल्या दिवशी जस्मिनने अननसाच्या टार्टचा डबा हातात दिला. चिनी नवं वर्ष नुकतंच झालं होतं. "रिकाम्या हाताने लोकांच्या घरी जायचं नाही," ती म्हणाली. "फार थंडी वाजली तर तू खा."

उत्तरेत, पहिले दोन दिवस

प्रवासाचं काही सांगत नाही. तीन विमानं बदलली, तिन्हींत झोपलो.

विमानतळाबाहेर मार्टिन उभा होता. वन्यजीव खात्यात फिरतीवर काम करणारा, पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याने माझ्या जाकिटाकडे पाहिलं. ते मी सिंगापुरात घेतलं होतं. दुकानात घालून पाहताना घामाने भिजलो होतो, म्हणजे उबदार असणार असा माझा हिशेब. मार्टिनने न बोलता गाडीतून एक जुना कोट काढला आणि माझ्या जाकिटावरून मला चढवला. बाहेर उणे तीस होतं. नाकातला ओलावा गोठून टोचायला लागला. असं काही होतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

माझी पहिली फजिती दुसऱ्या दिवशी झाली. माझं काम म्हणजे मोबाइलवरचं आमचं पान रानात चालतं का ते पाहणं. गोठलेल्या तळ्यावर उभा राहून मी हातमोजा काढला, फोन बाहेर काढला, दोन बटणं दाबली आणि फोन बंद पडला. थंडीने बॅटरी गेली होती. हात पुन्हा मोज्यात घालायला मार्टिनची मदत लागली. त्याने खिशातून एक कागद आणि शिसपेन्सिल काढली.

"पेन का नाही?" मी विचारलं.

"शाई गोठते."

तीन महिने खपून केलेल्या पानाची जागा त्या पेन्सिलीने घेतली. मी वहीत लिहिलं: छापायचा कागदी फॉर्म हवाच. सिंगापूरहून इतक्या लांब आल्याचं मला तिथल्या तिथे सार्थक वाटलं.

संध्याकाळी मार्टिन म्हणाला, "उद्या तुला एका घरी न्यायचंय. ते टार्ट शिल्लक आहेत ना?"

एडना आंटीचं स्वयंपाकघर

तिथंही मोठ्या बाईला आंटी म्हणतात. सिंगापुरात कॉफी देणाऱ्या बाईपासून शेजारणीपर्यंत सगळ्या आंटीच, त्यामुळे माझ्या तोंडात ते सहज आलं. एडना आंटी सत्तरीच्या पुढच्या. तळ्याकाठच्या वस्तीतलं शेवटचं घर त्यांचं, आणि घराच्या मागून सुरू होणारी जमीन त्यांच्या कुटुंबाची. बायसनचा कळप हिवाळ्यात तिथंच येतो. माझ्या नकाशावर ती जमीन लाल होती.

त्यांनी चहा दिला. टार्टचा डबा उघडला, एक खाल्लं, दुसरं खाल्लं, डबा बंद करून आपल्या बाजूला ओढून घेतला. मग खिडकीबाहेर बघत मार्टिनला म्हणाल्या, "यंदा कुणी आलं नाही."

"हं," मार्टिन म्हणाला.

"आधी दर हिवाळ्यात यायचे," आंटी मला सांगू लागल्या. "दार वाजवायचे, बसायचे. कुणाची बायको बाळंत झाली, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं कळायचं. मग विचारायचे, जाऊ का. जनावर मिळालं की पुढचा एक पाय इथं आणून ठेवायचे. मी तो कापून म्हाताऱ्यांच्या घरी वाटायची. पाच घरं आहेत अशी. यंदा पाचही घरी दुकानातलं गोठवलेलं चिकन." हे म्हणताना त्यांनी असं तोंड केलं, की चिकनची मलाच लाज वाटली.

"का आले नसतील?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला कळलं नव्हतं.

मार्टिन कपात बघत राहिला.

"जानेवारीत दोघं आले होते," आंटी म्हणाल्या. "विचारायला नाही. माझी जमीन टाळून तळ्याच्या तोंडाशी गेले. तिथं खालून पाणी वाहतं, बर्फ पातळ. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. एकाची स्नोमोबाइल पाण्यात गेली, तो छातीपर्यंत भिजला. माझ्या धुराड्याचा धूर बघून दोघं इकडे चालत आले. आणि तिथं," त्यांनी खिडकीतून लाकडी कुंपणाकडे बोट दाखवलं, "तिथं उभे राहून हाका मारायला लागले. विजार लाकडासारखी कडक झालेली, दात वाजताहेत, पण आत येईनात. मी ओरडले, अरे, आत या! तर म्हणतात, नकाशात हे बंद आहे!"

त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मार्टिनही हसला. मला हसता येईना. कुणी तरी गोठून मरता मरता कुंपणाबाहेर उभं राहिलं होतं, कारण तोआ पायोहमध्ये पंख्याखाली बसून मी एक रंग निवडला होता.

"तो नकाशा मी केलाय," मी म्हणालो.

आंटींनी चष्मा खाली ओढून मला नीट पाहिलं. "तूच का तो लाल रंग?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "चहा घे अजून, लाल."

परतीच्या वाटेवर मी मार्टिनला म्हणालो, "तुला माहीत होतं. तू पत्र का नाही लिहिलंस आम्हाला?"

"दोन लिहिली," तो म्हणाला. "तुमच्याकडून उत्तर आलं, की तक्रारीचा प्रकार यादीतून निवडा. यादीत हा प्रकारच नव्हता."

ती यादीही मीच केली होती.

लॉजवर आल्यावर गारगोटीला फोन लावला. तिथं सकाळ झाली होती. आईने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "खायला काय देत्यात रं तिथं? गरम असतंय का?" मग अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, फोन घेतला. त्यांना मी सगळं सांगितलं. अण्णा दुसरी नापास, आयुष्य दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेलं. सगळं ऐकून ते म्हणाले,

"दुसऱ्याच्या रानातनं जायचं झालं तर बांधावर थांबून हाक मारायची, एवढं तुला ठावं नव्हतं व्हय रं? लहानपणी मीच तुला न्हेत हुतो की."

"ठावं होतं, अण्णा."

"मग कालेजात काय इसरून आलास काय?"

 

बटण

रात्रभर विचार करून मी एक तोडगा काढला आणि सकाळी मार्टिनला घेऊन पुन्हा आंटींच्या घरी गेलो. कागदावर चित्र काढून दाखवलं. नकाशावर जमीन दाबली की एक बटण येईल, 'परवानगी मागा'. शिकाऱ्याने ते दाबलं की आंटींना निरोप. आंटींनी हो किंवा नाही दाबायचं. दोन मिनिटांत काम.

"निरोप कुठं येईल?" आंटींनी विचारलं.

"तुमच्या मोबाइलवर."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं तारेचा जुना फोन टांगलेला होता. मोबाइलची रेंज त्या वस्तीत नव्हतीच.

"वस्तीच्या ऑफिसात कंप्युटर आहे," मी सावरलं. "तिथं येईल."

"बरं. त्यात माणसाचा चेहरा दिसतो का?"

"नाही."

"तोंडाला दारूचा वास येतो का ते कळतं?"

"नाही, आंटी."

"मागच्या वर्षी मांस आणून दिलं होतं की विसरला, ते?"

"तेवढं नोंदवता येईल..."

"बर्फ कुठं पातळ आहे ते मी त्याला कसं सांगू? त्याच बटणाने?"

मार्टिन खोकल्याचं सोंग करून हसू दाबत होता. मी कागदाची घडी घातली.

"लाल," आंटी म्हणाल्या, आता जरा मायेने, "मी हो कशाला म्हणते ठाऊक आहे? माणूस बघून. आणि नाही कशाला म्हणते? तेही माणूस बघूनच. तुझ्या बटणात मी कुठं बसायचं?"

मी विचारलं, "मग नकाशावर काय लिहू?"

त्यांनी पेन्सिल मागितली. माझ्याच कागदाच्या मागे, मोठ्या अक्षरांत, दोन वाक्यं लिहिली: 'इथं माणसं राहतात. घरी येऊन विचारा.' नाव नको, फोन नंबर नको. "नंबर दिला की शहरातून फोन करतील," त्या म्हणाल्या. "फोनवर सगळेच सभ्य असतात."

"आणि रंग?"

"लाल नको."

वस्तीच्या पंचमंडळाची बैठक दोन दिवसांनी होती. कागद तिथं मंजूर झाला. मंडळात आंटी स्वतः होत्याच, पण बैठकीत त्यांनी मला बाहेर थांबवलं. "तू विचारणारा आहेस," त्या म्हणाल्या. "विचारणारा आत नसतो." खात्याचीही सही मिळाली. तिथली संध्याकाळ म्हणजे सिंगापूरची दुसऱ्या दिवशीची सकाळ, म्हणून ऑफिस उघडताच मी फोन केला.

मृणाल मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, आता रागावणार. त्या म्हणाल्या, "संभाजी, चूक आपली सगळ्यांची आहे. तपासताना मीही पाहिलं होतं. जस्मिनला देते."

जस्मिनने फोन घेतला. "नवा रंग? मग ते काय, कॅन ऑर कॅनॉट?"

"दोन्ही नाही. विचारायचं."

"कुणाला विचारायचं?"

"आंटीला."

आंटी हा शब्द तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या इमारतीत तळमजल्याच्या आंटीला विचारल्याशिवाय कुणी कुंड्यासुद्धा हलवत नाही, हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं.

"ओके लाह," ती म्हणाली. "पिवळा करते. हळदीसारखा. तुझ्या डब्यातला."

बर्फावर

हंगाम संपायला थोडेच दिवस होते. मार्टिनकडे स्वतःचा परवाना होता, पण यंदा त्याला वेळच मिळाला नव्हता. नकाशा बदलला त्या दिवशी तो सुट्टी टाकून आंटींकडे गेला, आणि मलाही बरोबर नेलं. विचारतात कसं ते मी तेव्हा पाहिलं.

त्याने चहाचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि बसला. आंटींनी आधण ठेवलं. मग आंटींनी त्याच्या आईची चौकशी केली. मग स्नोमोबाइलच्या पट्ट्याची. चहा झाला. शेवटी मार्टिन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्या तळ्यापलीकडे जावं म्हणतोय."

"किती जण?"

"दोघं. मी आणि लाल."

"परत?"

"उजेड आहे तोवर."

"पाइनच्या झाडांच्या अलीकडून जा. पलीकडे वाहतंय."

"बरं."

एवढंच. ना कागद, ना सही. मी मनातल्या मनात शोधत होतो की यात 'हो' नेमकं कुठं म्हटलं गेलं. मला ते सापडलं नाही, पण बाहेर पडताना मार्टिनचे खांदे हलके झालेले दिसले.

दुसऱ्या दिवशी स्नोमोबाइल कळपापासून खूप लांब ठेवून आम्ही चालत निघालो. गाडीचा आवाज ऐकला की कळप डोंगरापलीकडे जातो, मार्टिन म्हणाला, आता त्यांनाही नियम कळलेत. मी दर दहा पावलांना कमरेपर्यंत बर्फात जात होतो. दुपारी एका उतारावर ते दिसले. नऊ-दहा असतील. तोंडाने बर्फ बाजूला सारून खालचं गवत खात होते. डोकं डावीकडे, डोकं उजवीकडे, जणू अंगण झाडताहेत. दाढीला बर्फाचे लोलक. आमचा गवा तुळतुळीत काळा, पायात पांढरे मोजे घातलेला. हा लोकरीचा, जुन्या घोंगड्यासारखा. पण मान वर करून त्याने आमच्याकडे ज्या संथपणे पाहिलं, ते पाहणं मी ओळखलं. आमच्या उसाच्या फडातून वर आलेलं डोकं असंच बघत होतं. चुलतभाऊ, हे मी विनोदाने म्हटलं होतं. ते खरंच होतं.

मार्टिन बराच वेळ निशाण धरून थांबला. एकामागे दुसरं उभं असेल तर झाडायचं नाही, गोळी पलीकडे जाते. एक तरुण नर बाजूला सरकला तेव्हा आवाज झाला. तो गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला. मी हे लिहिताना सजवत नाही. मला रडू आलं. मार्टिनने टोपी काढली आणि काही वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "चल, आता खरं काम."

ते काम अंधार पडायच्या आत संपवायचं होतं. मी कधी बोकडही कापताना धड पाहिलेला नाही. पण काहीही टाकून जायचं नाही हा नियम मीच वेबसाइटवर ठळक अक्षरांत घातला होता, तेव्हा मी पाय धरले, ओढले, घसरगाडीवर चढवले. दात मार्टिनने पिशवीत घातले आणि मी पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली.

पुढचा पाय आम्ही आंटींच्या ओसरीवर ठेवला. त्या लगेच सुरी घेऊन बसल्या आणि पाच वाटे करू लागल्या. थोडं मांस तव्यावर टाकलं, माझ्यापुढे ताटली सरकवली.

"आंटी, आमच्या घरी गाय-बैलाच्या जातीचं खात नाहीत," मी म्हणालो. मला भीती वाटत होती.

"कुणी सांगितलं?"

"आईने."

"मग खाऊ नकोस," त्या म्हणाल्या आणि ताटली मार्टिनकडे वळवली. मला सुकवलेला मासा आणि गरम तळलेली भाकरी मिळाली. नंतर मांसाच्या पिशव्या माझ्या हातात दिल्या. "खात नाहीस तर पोचव."

पाच घरं, पाच पिशव्या. पाचही म्हाताऱ्यांनी मला दारात उभं करून विचारलं, तू कोण. मी सांगितलं, एडना आंटींनी पाठवलंय. तिसऱ्या घरातले आजोबा पिशवी हुंगून म्हणाले, "नर. तरुण." आणि दार लावून घेतलं. आतून त्यांनी कुणाला तरी मोठ्याने हाक मारली, तेवढी ऐकू आली.

क्लेमेंटी

हे सगळं परत आल्यावर लगेच लिहायचं होतं, पण पुढचा हिवाळा येईपर्यंत मला लिहवेना. रंग पिवळा केला, बरं झालं. पण कुणी दार वाजवेल का, हे मला सिंगापुरात बसून कसं कळणार? आमच्याकडे किती लोकांनी ती जमीन नकाशावर दाबली त्याचा आकडा येत होता. कुणी दारात उभं राहिलं का, याचा आकडा कुठल्याच पानावर येत नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेऊन बसलो होतो, तेव्हा मार्टिनचा फोन आला. वर्षभरात त्याने कधी फोन केला नव्हता.

"लाल," तो म्हणाला, "तिने मला नाही म्हटलं."

"कुणी?"

"एडना आंटीने. कालच. मी चहाचं पाकीट घेऊन गेलो, बसलो, सगळं नीट केलं. म्हणाली, यंदा फार लोक येऊन गेले. तिघा भावांना हो म्हटलंय, शाळेतल्या मास्तरणीला हो म्हटलंय, तळ्यात पडलेल्या त्या दोघांनाही हो म्हटलंय. तुझं गेल्या हिवाळ्यात झालं. यंदा कळपाला आणि मला दम खाऊ दे."

"आणि चहाचं पाकीट?"

"ठेवून घेतलं! त्यातलाच एक कप मला पाजला आणि घरी पाठवलं."

तो हसत होता. मीही हसत होतो, इतक्या मोठ्याने की शेजारच्या टेबलावरची आंटी वळून बघायला लागली.

"मग आता कुठं जाणार शिकारीला?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? पुढच्या आठवड्यात जाऊन पुन्हा विचारणार."